इंजिनाची गाळणी: एअर फिल्टर कधी साफ करायचा, कधी बदलायचा

मागच्या भागात आपण इंजिन ऑइलबद्दल बोललो. त्यावर जे प्रश्न आले, त्यांत एक प्रश्न पुन्हापुन्हा होता: ऑइल वेळेवर बदलतो, तरी गाडी ऑइल का खाते? त्याची कारणं बरीच असतात, पण धुळीच्या भागात राहणाऱ्यांनी सगळ्यात आधी जिथे पाहायला हवं ती जागा म्हणजे एअर फिल्टर. आज त्याच्यावरच बोलू.

मी बोलतोय जबलपूरहून. लष्करी गाड्या आणि जबलपूर हे नातं जुनं आहे. इथली व्हेइकल फॅक्टरी १९६९ सालची. शक्तिमान ट्रक, निस्सानचा एक टनी ट्रक, नंतर स्टॅलियन आणि एलपीटीए, अशा गाड्या इथून देशभर गेल्या. आणि जोंगा! हे नावच मुळी या गावाचं आहे, ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांचं. या गाड्या लडाखपासून राजस्थानच्या वाळूपर्यंत सगळीकडे चालल्या. माझी नोकरी फौजेच्या गाड्या चालत्या ठेवण्यात गेली, त्यामुळे धुळीशी ओळख चांगली आहे.

सुरुवातीलाच मुद्दा सांगून टाकतो. फिल्टर दोन तऱ्हांनी बिघडतो. एक, तो चोंदतो. दोन, तो गळतो, म्हणजे फाटतो किंवा नीट बसत नाही. चोंदला तर इंजिन तक्रार करतं: गाडी ओढत नाही, डिझेल असेल तर काळा धूर येतो. गळला तर इंजिन काहीच बोलत नाही. उलट हवा सुखाने आत जाते, गाडी छान पळते, आणि आतून झिजत राहते. आपण सगळे पहिल्या बिघाडाला घाबरतो आणि त्याच्या भीतीने दुसरा बिघाड आपल्या हाताने करून ठेवतो.

इंजिन किती हवा ओढतं?

थोडा हिशेब करू. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे लिटरमागे जवळजवळ अकरा किलो हवा, किंवा मापाने सांगायचं तर नऊ हजार लिटर हवा. तुमची गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर दहा हजार किलोमीटरमध्ये इंजिनाने साठ लाख लिटर हवा ओढली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा दोनशेहून जास्त खोल्यांतली सगळी हवा!

आता त्या हवेत घनमीटरमागे फक्त एक मिलिग्राम धूळ आहे असं धरा. तरी सहा ग्रॅम धूळ झाली, चहाचा एक चमचा. कच्च्या रस्त्यावर डंपरच्या मागे गाडी असेल तर हा आकडा कितीतरी पट वाढतो.

एक चमचा धुळीने काय होतं, असं वाटेल. पण आपल्याकडच्या धुळीत सिलिका, म्हणजे गारगोटीची पूड, भरपूर असते. गारगोटी लोखंडापेक्षा कठीण. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यात ऑइलचा जो थर असतो, तो अगदी थोड्या मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इंजिनाला खरा घातक कण पाच ते वीस मायक्रॉनचा, म्हणजे तुम्हाला डोळ्यांनी सुटा दिसणारही नाही असा. तो ऑइलच्या थरात शिरतो आणि पॉलिशपेपरसारखं काम करतो. ऑइल त्याला सगळ्या इंजिनात फिरवतं. रिंगा झिजतात, सिलिंडर झिजतो, बेअरिंगं झिजतात. मग कॉम्प्रेशन कमी होतं, निळसर धूर येतो आणि गाडी ऑइल खायला लागते.

म्हणूनच मोठ्या ताफ्यांत ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासतात आणि त्यातलं सिलिकॉन मोजतात. सिलिकॉन वाढलं आणि सोबत लोखंडही वाढलं, तर पहिला संशय हवेच्या वाटेवर घ्यायचा.

फिल्टरचे प्रकार

जुन्या लष्करी गाड्यांवर, आणि आजही अनेक ट्रॅक्टरांवर, ऑइल बाथ फिल्टर दिसतो. खाली ऑइलची वाटी, वर तारेची जाळी. हवा वरून खाली येते आणि ऑइलवर एकदम वळून वर जाते. जड धूळ वळू शकत नाही, ती ऑइलमध्ये पडते. उरलेली ओल्या जाळीत अडकते. विकत आणायचं काही नाही, पण सेवा मागतो. वाटी उतरवा, गाळ झालेलं ऑइल टाका, वाटी आणि जाळी डिझेलमध्ये धुवा, नवं ऑइल खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर एक थेंबही नको. जास्त भरलं तर इंजिन ते ऑइल ओढून घेतं, आणि डिझेल इंजिन त्या ऑइलवरच बेफाम पळू लागू शकतं.

दुसरा प्रकार घड्यांच्या कागदाचा, सुका. आज जवळपास सगळ्या मोटारी, पिकअप आणि ट्रकवर हाच. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो. याची एक गंमत लक्षात ठेवा. नव्या कोऱ्या फिल्टरपेक्षा थोडा वापरलेला फिल्टर जास्त बारीक गाळतो, कारण कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळणी बनतो. थोडा मळलेला फिल्टर म्हणजे खराब फिल्टर नव्हे.

तिसरा, तेलकट कागदाचा. बऱ्याच स्कूटर आणि मोटरसायकलींत असतो, हाताला चिकट लागतो. तो साफ करायचाच नसतो. हवा मारली की त्याचं तेल उडतं आणि गाळण्याची ताकद जाते. पुस्तिकेत दिलेले किलोमीटर झाले की बदला, धूळ जास्त असेल तर आधी बदला.

चौथा, स्पंजचा. साबणाच्या पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत पूर्ण वाळवा आणि पुस्तिकेत सांगितलं असेल तसं हलकं तेल द्या.

रोज साफ केलेला फिल्टर

आमच्या मोहल्ल्यात एका तरुणाची पिकअप आहे, हप्त्यावर घेतलेली. थंडीत पाटण, शहापुरा भागातला मटार मंडीत आणि कधी नागपूरपर्यंत पोहोचवतो. बाकीचं वर्ष गिट्टी, वाळू, बांधकामाचं सामान. गाडीला आठवड्याला अर्धा लिटर ऑइल लागू लागलं. त्याने ऑइलची कंपनी बदलून पाहिली. फरक नाही. निळा धूर वाढतच गेला.

त्याला विचारलं, एअर फिल्टर पाहतोस का? अभिमानाने म्हणाला, “साहब, एक दिन छोड़के साफ करवाता हूँ।” टायरच्या दुकानात कॉम्प्रेसरची हवा मारून घ्यायचा. फिल्टर काढून पाहिला तर बाहेरून नव्यासारखा. मग फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरवलं. बोटाला पिठासारखी बारीक भुकटी लागली. तिथे धुळीचा कणही असायला नको. फिल्टर बल्बसमोर धरला, तर टोकाजवळ एका घडीत दोन इंचांची चीर. हवेच्या माऱ्याने कागद फाटला होता.

पुढे रिंगा आणि लायनरचं काम निघालं. फिल्टरच्या किमतीच्या शंभरपट खर्च, आणि मटाराच्या हंगामात गाडी उभी. हप्ता मात्र उभा राहत नाही. या मुलाने हयगय केली नव्हती हे लक्षात घ्या. त्याने काळजी घेतली होती, फक्त ती ज्या रीतीने घ्यायची ती रीत त्याला कुणी सांगितली नव्हती.

टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरचा दाब शंभर पीएसआयच्या वर असतो. कागदी फिल्टरला तीसच्या वर नको. फिल्टर चाकावर किंवा जमिनीवर आपटणं तर त्याहून वाईट. आपटल्याने धूळ थोडी पडते, पण कडा वाकते, आणि वाकलेली कडा म्हणजे धुळीला उघडं दार.

स्वतः तपासायची रीत

हे काम घरी दहा मिनिटांत होतं. इंजिन बंद, थंड, आणि गाडी आडोशाला. वारा सुटला असताना फिल्टर उघडू नका.

१. बॉनेट उघडा. काळा प्लॅस्टिकचा डबा दिसेल, त्यातून जाड रबरी नळी इंजिनाकडे जाते. डब्याला क्लिपा असतात किंवा स्क्रू. नळीवर वायर जोडलेला सेन्सर असेल तर त्याला ओढाताण करू नका. गरज पडली तर त्याचं कनेक्टर हळूच काढा.

२. डबा उघडण्याआधी त्याच्या बाहेरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. नाहीतर झाकण उघडताना तीच धूळ आत पडेल.

३. फिल्टर सरळ उचला. कोणती बाजू वर होती ते पाहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा.

४. आता फिल्टर बाजूला ठेवा आणि डब्याची इंजिनाकडची बाजू पाहा. बोट फिरवा. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. बोट स्वच्छ निघालं तर फिल्टर आपलं काम करतोय. धूळ लागली तर फिल्टर फाटलाय, कडेने गळतोय, किंवा नळीला चीर आहे. कारण सापडल्याशिवाय डबा बंद करू नका.

५. फिल्टर उजेडासमोर धरा. आतून टॉर्च लावा. उजेड सगळीकडे सारखा मंद दिसायला हवा. टाचणीएवढा झगझगीत ठिपका दिसला तर तो फिल्टर गेला. बराचसा भाग काळोखा असेल तर तो चोंदला.

६. कडेचं रबर बोटाने दाबून पाहा. कडक झालं असेल, तडा गेला असेल, तर कागद कितीही चांगला असो, बदला.

७. डबा ओल्या फडक्याने आतून पुसा आणि वाळू द्या. डब्यात हवा मारू नका, धूळ इंजिनाच्या वाटेला जाईल. खालच्या कोपऱ्यात पानं, शेंगांची टरफलं, कापसाचे पुंजके सापडले तर समजा उंदराने घर केलंय. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमीचं आहे, आणि उंदीर कागद कुरतडतोच.

८. फिल्टर खाचेत नीट बसवा. झाकण सहज बसलं पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर फिल्टर तिरका आहे. क्लिपा सगळ्या लावा. एक क्लिप तुटलीय म्हणून सुतळीने बांधलेले डबे मी पाहिलेत. तसं चालवू नका.

९. नवा फिल्टर बसवताना त्याच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. फौजेत प्रत्येक गाडीचं लॉगबुक असतं, तुमचं लॉगबुक तिथेच लिहिलेलं राहील.

सुका कागदी फिल्टर साफ करायचाच असेल, आणि तुमची पुस्तिका परवानगी देत असेल, तर तळहातावर हलकेच थोपटा. हवा मारायची तर कमी दाबाने, दूरून, आणि आतून बाहेर. ज्या बाजूने धूळ आली त्याच बाजूने ती परत गेली पाहिजे. पाण्याने कधीही धुवायचा नाही. आणि दोन-तीनदा साफ करून झाला की नवा घ्या.

बदलायचा कधी?

पुस्तिकेत किलोमीटर दिलेले असतात. मोटारींसाठी ते बहुधा वीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान असतात. त्याच पानावर आणखी एक ओळ असते, जी फार थोडे लोक वाचतात: धुळीच्या भागात याच्या आधी. ती ओळ आपल्यासाठी आहे.

फिल्टर किलोमीटर मोजत नाही, धूळ मोजतो. याचं मोठं उदाहरण आहे. २००१ साली ओमानच्या वाळवंटात ब्रिटिश फौजेचा ‘सैफ सरीया २’ नावाचा मोठा सराव झाला. त्यांचे चॅलेंजर २ रणगाडे युरोपातल्या हवामानाच्या हिशेबाने सज्ज होते. तिथली धूळ पावडरसारखी बारीक. काही ठिकाणी अवघ्या चार तासांत फिल्टर चोंदले. पुढे ब्रिटनच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालातही ही गोष्ट आली. रणगाडा तोच, फिल्टर तोच, फक्त धूळ वेगळी.

आपल्याही धुळी वेगवेगळ्या आहेत. जबलपूर-कटनी पट्ट्यात चुनखडी आणि गिट्टीच्या खाणी, गोव्यात खनिजाच्या रस्त्यांवरची तांबडी माती, चंद्रपुरात कोळसा, विदर्भात जिनिंगच्या दिवसांत कापसाचे तंतू. आमच्याकडे मदनमहाल ते दमोह नाक्याच्या उड्डाणपुलाचं काम चालू होतं, त्या वर्षांत शहरातल्या गाड्यांचे फिल्टरही खेड्यातल्यासारखे मळत. म्हणून माझा सोपा नियम: डांबरी रस्ता आणि शहर असेल तर पुस्तिकेप्रमाणे, आणि वर्षातून दोनदा नजर. रोज कच्चा रस्ता, खाण किंवा बांधकाम असेल तर अर्ध्या किलोमीटरवर बदला आणि महिन्यातून एकदा बोटाची परीक्षा करा.

ट्रकवाल्यांसाठी दोन गोष्टी. डब्यावर किंवा नळीवर छोटा इंडिकेटर असतो. त्यात लाल पट्टी दिसेपर्यंत फिल्टर उघडू नका. प्रत्येक वेळी उघडताना थोडी धूळ आत जाण्याची संधी असते. दुसरं, मोठ्या फिल्टरच्या आत एक छोटा सुरक्षा फिल्टर असतो. तो साफ करायचा नाही, ठरलेल्या वेळी बदलायचा. बाहेरचा फिल्टर काढलेला असताना इंजिनाचं रक्षण तोच करतो.

तुमचे प्रश्न

*नवा फिल्टर टाकला की ॲव्हरेज वाढतं का?* जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत वाढतं. आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत जवळजवळ नाही, कारण आलेली हवा मोजून कॉम्प्युटर तेवढंच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली हे तपासलं. नव्या गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरने ॲव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, पण गाडीची ओढ कमी झाली. तेव्हा ‘ॲव्हरेज ठीक आहे, म्हणजे फिल्टर ठीक आहे’ हा हिशेब चुकीचा.

*जास्त हवा देणारे महागडे फिल्टर लावावेत का?* रोजच्या गाडीला गरज नाही. जास्त हवा सोडणारी गाळणी धूळही जास्त सोडण्याची शक्यता असते. कंपनीने दिलेलाच प्रकार लावा.

*स्वस्त नकली फिल्टर कसा ओळखायचा?* घड्या मोजा, जुन्या अस्सल फिल्टरशी ताडून पाहा. नकलीत घड्या कमी आणि वाकड्या, रबर कडक, कडेचा गोंद तुटक. आणि डब्यात सैल बसत असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

*एसीचा फिल्टर हाच का?* नाही. तो केबिनचा. तुमच्या नाकासाठी वेगळा, इंजिनाच्या नाकासाठी वेगळा.

*पावसाळ्यात काय?* भिजलेला कागद फुगतो, हवा अडते, आणि फाटायलाही सोपा. जोराच्या पावसानंतर डबा उघडून पाहा, ओला असेल तर बदला. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आधी फिल्टरचा डबा पाहा. तिथे पाणी असेल तर ते सिलिंडरमध्येही गेलेलं असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून न्या.

तर मंडळी, येत्या रविवारी दहा मिनिटं काढा. डबा उघडा, इंजिनाकडच्या बाजूने बोट फिरवा आणि काय दिसलं ते मला लिहून कळवा, गाडीचा प्रकार आणि तुमच्या गावासकट. पुढच्या भागात रेडिएटर आणि कूलंट, उन्हाळा तोंडावर आहे. जय हिंद.